एका फळीच्या दोघी

अहो, थांबा जरा. इकडे बघा, दाराच्या उजव्या अंगाला, खिळ्यावर. मी पाटी बोलतेय. 'भाड्याने देणे आहे' एवढंच लोक माझ्याकडून वाचतात आणि एक तर बेल वाजवतात, नाहीतर पुढे चालू लागतात. पाटीलाही काही सांगायचं असेल असं कुणाच्या मनात येत नाही. तुम्ही थांबलाच आहात, तर दोन शब्द ऐकून जा.

आधीच सांगून टाकते, मी स्वभावाने जळकी आहे. दुसऱ्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. आणि जिचं सगळ्यात जास्त बघवलं नाही, ती माझी सख्खी बहीण.

आम्ही दोघी एकाच फळीच्या. मोडीत निघालेल्या एका कपाटाचं दार होतं ते. पाट्या रंगवणाऱ्या रंगाऱ्याने ते आणलं, घासलं आणि करवतीने मधोमध कापलं. मधोमध म्हणायचं आपलं, पण करवत जरा सरकली आणि मोठा तुकडा तिच्या वाट्याला गेला. म्हणून ती थोरली. तिच्यावर त्याने 'कपडे शिवून मिळतील' असं लाल अक्षरात लिहिलं, अक्षरांना पिवळी सावली दिली, कोपऱ्यात छोटीशी कात्री काढली. दोन पावलं मागे जाऊन, मान तिरपी करून तिच्याकडे बघत राहिला. मग माझी आठवण झाली. डब्याच्या तळाशी जो काळा रंग उरला होता, त्यात माझं काम उरकलं. शेवटच्या 'आहे'ला रंग पुरला नाही, तो तेव्हापासून पुसटच आहे. धाकट्यांच्या नशिबी थोरल्यांचं उतरलेलंच येतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

आमची मालकीण एकच. सगळे तिला ताई म्हणतात. चौकाजवळ एक टीचभर दुकान भाड्याने घेऊन ती कपडे शिवायची. थोरली त्या दुकानासाठी होती. आणि त्याच महिन्यात ताईने कर्ज काढून दोन खोल्यांचं एक घर विकत घेतलं होतं, राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. मी त्या घरासाठी.

रंगारी हसला. म्हणाला, "ताई, दुकान दुसऱ्याचं आणि घर दुसऱ्याला! हे उलटं नाही का झालं?"

"उलटं कसं? दुकान मला आज जेवायला घालतं. हे घर म्हातारपणी घालील. हात थरथरायला लागले की सुईत दोरा कोण ओवून देणार आहे मला?"

ते घर म्हणजे हेच, ज्याच्या दारात तुम्ही उभे आहात. ताईचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळं आयुष्य दोरावर लटकणाऱ्या गोष्टींत गेल्यामुळे असेल, पण पैशाच्या बाबतीत ते ताकही फुंकून प्यायचे. त्यांचं म्हणणं, पैसे बँकेत ठेवावे आणि झोपावं. आणि घर घ्यायचंच असेल तर गावाबाहेर, मोठं, पुढे बाग असलेलं घ्यावं.

"अहो, बाग तुम्हाला आवडते. भाडेकरूला काय आवडतं ते बघायचं," ताई म्हणाली. "मागच्या गल्लीत एवढं मोठं हॉस्पिटल आहे. तिथल्या नर्सा, कंपाउंडर रात्री-अपरात्री सुटतात. त्यांना चालत घरी येता आलं पाहिजे. मला तिथे राहायचं नाहीये, मला ते द्यायचंय."

ताईचंच बरोबर होतं. मी या खिळ्यावर जेमतेम आठवडाभर लटकले. तो आठवडा काय सांगू तुम्हाला! ऊन अंगावर, वारा अंगावर, येणारा-जाणारा माझ्याकडे बघून जातोय. एके दिवशी एक नर्सबाई आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून आली. आईचे गुडघे धरलेले, म्हणून तळमजल्याचं घर बघून तिचा चेहरा खुलला. अनामत किती, नळ बिघडला तर खर्च कुणाचा, घर सोडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं, भाडं वर्षाला किती वाढणार, सगळं ताईने आधी बोलून घेतलं आणि मग कागदावर आणलं. "ओळख वाढली की बोलायला जड जातं, म्हणून आधीच," ती म्हणाली. नर्सबाईने पिशवीतून स्वतःच्या नावाची पितळी पाटी काढली. ताईने मला उतरवलं आणि माझ्याच खिळ्यावर ती पितळी टवळी जाऊन बसली.

मला नेलं ताईच्या राहत्या घरी आणि टाकलं कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून.

तिथे माझी वर्षं गेली. अंधारात पडलेल्याला कान फार तीक्ष्ण येतात. ताई संध्याकाळी घरी येऊन यजमानांना दिवसभराचं सांगायची आणि मी ऐकायची. आज पाटी पुसली. आज पाटीवर दिवा बसवून घेतला, पिवळा, मोठा. आज पाटीला पुन्हा रंगाचा हात दिला. पाटी म्हणजे माझी बहीण, बरं का. मी पाटी नव्हतेच जणू! तिला रोज सकाळी ओलं फडकं, आणि माझ्या अंगावर कोळ्याने घर केलेलं. माझा असा जळफळाट व्हायचा की फळीला चीर कशी गेली नाही याचंच मला आश्चर्य वाटतं.

ताईची एक सवय मला फार लागायची. घराच्या भाड्यातून ती तीन वाटे बाजूला काढायची आणि तीन डब्यांत टाकायची. एक कर आणि सोसायटीचा खर्च, एक डागडुजी, आणि तिसरा 'रिकामा महिना'. वर्षातला एक महिना घर रिकामं राहणार असं धरूनच ती चालायची, न राहिलं तर आनंद. यजमानांना ती समजावून सांगायची, "भाडं हातात येतं ते सगळं आपलं नसतं. हे तीन डबे भरल्यावर उरतं आणि त्यातून हप्ता सुटतो, तेवढंच आपलं." शहाणपणाचं बोलणं होतं, नाही कशाला म्हणू? पण रिकामा महिना म्हणजे कोण? मी! मी लटकणार तो महिना. माझं सारं सुख तिने नुकसान म्हणून डब्यात घालून ठेवलं होतं. मी बाहेर आले की त्या घरातली तोंडं उतरणार, आणि थोरली मात्र बारा महिने चौकात मिरवणार. एकाच फळीच्या आम्ही, सांगा, कुणाला राग येणार नाही?

मग एके दिवशी घरात एक नवा आवाज ऐकू आला. जागांचे व्यवहार करून देणारा एजंट होता तो. 'आजच ठरवा, उद्या मिळणार नाही' हे त्याच्या तोंडी कायम असायचं, म्हणून सगळे त्याला 'उद्यानाही' म्हणायचे. त्याने विकायला निघालेल्या एका गाळ्याची बातमी आणली होती.

"मॅडम, घराचं भाडं म्हणजे थेंब थेंब. गाळ्याचं भाडं म्हणजे नळ. सोडला की भांडं भरलंच."

"नळ आटतो पण," यजमान म्हणाले.

"साहेब, दुकानदार एकदा बसला की उठत नाही. फळ्या ठोकतो, काच बसवतो, लाखभर घालतो. तो काय दर वर्षी बिऱ्हाड हलवील? बघा बुवा, उद्या मिळणार नाही."

हे काही त्याचं सगळंच चूक नव्हतं. घराला भाडं कमी, पण घर फार दिवस रिकामं राहत नाही. गाळ्याला भाडं जास्त, पण रिकामा पडला की पडूनच राहतो. ताईला दोन्ही ठाऊक होतं. ती उद्यानाहीच्या गोडबोलेपणाला भुलणारी नव्हती. ती म्हणाली, "मी स्वतः बघते. चार दिवस रस्त्याला उभी राहते."

आणि खरंच राहिली. शिवताना घालायच्या झग्याच्या डाव्या खिशात मूठमूठ बटणं भरायची आणि गाळ्यासमोर उभं राहायचं. गाळ्यावरून एक माणूस गेला की एक बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात. घरी येऊन तिने दोन्ही खिसे कपाटासमोर रिकामे केले तेव्हा बटणांचा खळखळाट मीही ऐकला. उजवा खिसा फाटायचा बाकी होता.

"माणसं खोटं बोलतील, बटणं नाही बोलायची," ती म्हणाली.

यजमान म्हणाले, "अगं, डबे तरी राहू देत."

पण गाळ्यासाठी कर्ज काढूनही पहिल्या रकमेला थोडे पैसे कमी पडत होते. तिन्ही डबे उपडे झाले. पुढचा हप्ता गाळ्याच्या भाड्यातून जाणारच होता, मग डबे हवेत कशाला?

मला कपाटामागून काढलं तेव्हा उजेडाने माझी शुद्धच हरपली. ताईने मला धुतलं आणि काखेत मारून दुकानात नेलं, कारण रंगारी तिथे येणार होता. तिथे मी थोरलीला इतक्या वर्षांनी पाहिलं. दाराच्या वर, दिव्याखाली बसली होती ऐटीत. लाल रंग जरासा विटला होता, पण कात्री तशीच.

"बरी आहेस?" तिने विचारलं.

रंगाऱ्याने माझ्या डोक्यावर ताज्या लाल रंगात 'दुकानासाठी' असं लिहिलं. लाल रंगात! मी मनात म्हटलं, बघ, आता नीट बघ. तू आपली चौकातल्या खुराड्यावर, आणि मी चाललेय भरगच्च रस्त्यावरच्या गाळ्यावर.

गाळ्याच्या शटरवर मला तारेने बांधलं. समोरच बसचा थांबा. माणसांची रीघ लागलेली, आणि बसची वाट बघणाऱ्याला वाचायला दुसरं काय असतं? मलाच वाचायची. काहींनी तर चार चार वेळा वाचलं. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. जेमतेम पंधरवडा टिकले.

एका सकाळी एक हातगाडी घेऊन दोन कामगार आले. त्यांनी बसथांब्याचा खांब हलवून हलवून उपटला. खांबाच्या बुडाशी सिमेंट नव्हतंच, नुसतं वाळू भरलेलं पिंप होतं. पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर पाइप टाकायचं काम चाललं होतं म्हणून काही महिने बस या रस्त्याने वळवली होती. काम संपलं, बस परत गेली आणि बसबरोबर माणसंही गेली. ताईने चार दिवस उभं राहून बटणं मोजली होती, पण खांबाच्या बुडाकडे काही तिने पाहिलं नव्हतं. ती गर्दीसुद्धा भाड्यानेच राहत होती आणि तिची मुदत संपली.

दुपारी ताई आली. रिकाम्या रस्त्याकडे बघत शटरला टेकून उभी राहिली. खिशात हात घालून बटणं चाचपत होती. एक मांजर गेलं, मग पोस्टमन गेला. डोळे पुसून ती परत दुकानात कामाला गेली.

त्यानंतर मी लटकले. जन्मभर जे मागत होते ते देवाने छप्पर फाडून दिलं. एक चपलांचा दुकानदार आला, मोबाइल दुरुस्त करणारा आला. माझ्याकडे बघायचे, मग रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचे आणि "कळवतो" म्हणायचे. 'कळवतो' म्हणजे काय ते आता तुम्हालाही ठाऊक असेल. उद्यानाहीने तर फोन उचलणंच सोडलं. ऊन, पाऊस, पुन्हा ऊन. माझी लाल अक्षरं गुलाबी झाली. तरी खरं सांगू, मी खूश होते. रस्ता ओस असला म्हणून काय, मी उजेडात होते. थोरलीला कळलं असेल तर तिच्या पोटात दुखत असेल, असं म्हणून मी मनाशी हसायची.

हसू आटलं ते एका रविवारी. ताई आणि यजमान शटरसमोर पायरीवर बसले होते. ताई फार वाळली होती. हप्ता भागवायला तिने शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर घेतलं होतं आणि बोटांना पट्ट्या बांधल्या होत्या.

"गाळा विकून टाकू," ती म्हणाली.

"भाड्याने कुणी घेईना तो विकत कोण घेतोय? घेतलाच तर मातीच्या मोलाने." यजमानांनी आवाज खाली आणला. "घर विकावं लागेल. त्याला गिऱ्हाईक आहे. हॉस्पिटलातले एक डॉक्टर विचारत होते. कर्ज फिटेल दोन्हीकडचं."

"आणि मग म्हातारपणी हा गाळा खायचा का आपण?"

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं राहिलं तशातली गत. त्याच आठवड्यात नर्सबाई गाळ्यावर आली. भाडं कधी एक दिवस चुकवलं नव्हतं तिने. उभ्या उभ्याच म्हणाली, "ताई, ते डॉक्टर घर बघून गेले. स्वतः राहणार म्हणतात. आईला आता जिना चढवत नाही हो. तळमजला कुठे मिळेल आम्हाला?" ताईला तिच्याकडे बघवेना.

मला स्वतःची धास्ती पडली. तुम्ही म्हणाल, किती आपमतलबी! आहेच मी. कारण नर्सबाई गेल्यावर ताई यजमानांना म्हणाली, "रंगाऱ्याला सांगते, हीच पाटी खरवडून 'विकणे आहे' लिहायला. डॉक्टरांनी भाव पाडला तर दुसरं गिऱ्हाईक नको का यायला?" भाड्याची पाटी उतरते आणि पुन्हा चढते. विक्रीची पाटी एकदाच चढते. घर गेलं की तिचं काम संपलं, मग ती सरपणात जाते.

दुसऱ्या दिवशी ताईने तार सोडून मला दुकानापाशी नेलं आणि पायरीवर भिंतीला टेकवून ठेवलं. रंगारी यायचा होता. यजमान शिवणयंत्राचा पट्टा बदलत बसले होते. मी मुद्दामच वर बघितलं नाही. थोरली आता हसणार, मी हसले असते तशी.

तेवढ्यात एक बाई घामाघूम होऊन आत आली. काखेत कोटाचं कापड. "काय हो ताई, किती शोधायचं! तीन वेळा या दुकानावरून गेले. शेवटी पानपट्टीवर विचारलं तेव्हा कळलं."

"पाटी दिसली नाही का?"

"कुठली पाटी? झाड आहे तिथे."

ताई हसायला लागली. "अहो, झाडाच्या मागे आहे. ते झाड वाढत गेलं आणि तोडायची परवानगी नाही."

मी झटकन वर बघितलं. खरंच हो! पायरीवरून बघितलं तरच थोरली दिसत होती. रस्त्यावरून तिच्यापुढे नुसता पाला. ज्या दिव्यासाठी मी वर्षानुवर्षं जळले, तो दिवा पानांवर पडत होता. मागल्या खेपेला मी इतकी फुगलेली होते की आपण काखेतून झाडाखालूनच आत आलो, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"झाली बरीच," थोरली म्हणाली. "ताई पुसते, दिवा लावते, पण वाचत कुणी नाही. मला वाटायचं, तू तरी मजेत असशील. वर्षाकाठी का होईना, तुला वाचून माणूस दारात थांबतो. मला तुझा फार हेवा वाटायचा गं."

मी जिच्यावर जळत होते, ती माझ्यावर जळत होती.

इकडे ताईचं हसू मध्येच थांबलं होतं. कोटाचं माप घेऊन बाई गेली तरी ती टेप हातात धरून तशीच उभी. "अहो," ती यजमानांना म्हणाली, "इतकी वर्षं माझी पाटी कुणी वाचली नाही. माझी गिऱ्हाइकं रस्त्यावरून चालता चालता येतच नाहीत. नाव ऐकून येतात, पत्ता विचारत येतात. मग मी गर्दी कशाला मोजत बसले?"

"मग तूच जाऊन बस गाळ्यात. इथलं भाडं वाचेल."

"तो विचार केलाय मी. इथल्या भाड्याच्या दुप्पट हप्ता आहे तिथला. मी बसले तर अर्धाच सुटेल. भाडेकरूच हवा. पण दुकानदार नको. ज्याला गर्दी नको असा कुणीतरी हवा. असतात ना अशी कामं?"

यजमानांनी पट्टा खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा जरा उजळला. "गाळ्यात मशीनची वीज आहे. मोठ्या दाबाची. आधीच्याने घेऊन ठेवलीय, मीटर बघितलाय मी. ती नवीन घ्यायची म्हणजे खेटे घालून जोडे झिजतात. पाणीही आहे आत. हे पाटीवर लिहिलंय कुठे आपण?"

नव्हतं लिहिलं. 'दुकानासाठी' एवढंच लिहिलं होतं, आणि ज्याला दुकान नको तो ते वाचून पुढे जात होता.

रंगारी आला. त्याने 'विकणे आहे'साठी खरवडायचा पत्रा काढून मला घासायला सुरुवात केलीच होती, ताईने त्याचा हात धरला. "थांबा. फक्त वरचं खरवडा." त्याने 'दुकानासाठी' खरवडलं, दुखलं मला, आणि लिहिलं, 'कामासाठी. शांत रस्ता. मशीनची वीज आणि पाणी आहे.' ताईने डॉक्टरांकडून महिन्याची मुदत मागून घेतली. महिन्यात गाळा गेला नाही तर घर त्यांचं, असं ठरलं.

तो महिना मी गाळ्याच्या शटरवर जशी लटकले तशी कधी लटकले नाही. प्रत्येक येणाऱ्याच्या डोळ्यात जाऊन बसायचा प्रयत्न करत होते. पहिले दोन आठवडे काही नाही. मग एक टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस सायकलवरून पुढे गेला, थांबला आणि सायकल ढकलत मागे आला. तोंड उघडं ठेवून त्याने मला दोनदा वाचलं.

तो दात बनवायचा. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि हा त्यांना कवळ्या करून द्यायचा. दिवसभर मशीनची घरघर, त्यामुळे राहत्या गल्लीत शेजाऱ्यांशी रोज भांडण. त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून कुणी येत नसे, दात तेवढे डब्यांतून ये-जा करायचे. शटर वर करून त्याने आधी वीज बघितली, मग नळ सोडून बघितला. "इथे शेजारी कोण?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," ताई म्हणाली, आणि इतके दिवस जे सांगायला तिला लाज वाटत होती तेच सांगताना तिचा आवाज खुलला.

दातवाल्याने सगळी टेबलं, नळ्या, धूर ओढणारा पंखा स्वतःच्या खर्चाने बसवायचं कबूल केलं. ताई म्हणाली, "मग बसवायचा महिना भाडं नको. पण पाच वर्षं हलायचं नाही, आणि दर वर्षी भाडं थोडं वाढेल."

"एक महिना फुकट?" यजमान तिच्या कानाशी कुजबुजले.

"वर्षभर फुकटच होता की!"

घर वाचलं. नर्सबाईची आई तळमजल्यावरच राहिली. पहिलं भाडं आलं त्या दिवशी ताईने तिन्ही डबे धुऊन उन्हात वाळवले आणि पुन्हा भरायला घेतले. मी गेले कपाटामागे. या वेळी तोंड भिंतीकडे नव्हतं, एवढंच.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, कारण काही झालं नाही. भाडी येत राहिली, हप्ते जात राहिले आणि एक दिवस संपलेही. दातवाल्याने पाच वर्षांवर आणखी पाच वाढवली. आणि मग ताईचे हात थरथरायला लागले. आधी बटणाचं काज वाकडं जायचं. मग सुईत दोरा जाईना. यजमान चष्मा लावून तिला दोरा ओवून द्यायचे आणि ती शिवायची. एके दिवशी तिने सुई खाली ठेवली ती ठेवलीच. दुकान सोडलं.

त्या संध्याकाळी कपाटामागे माझ्या शेजारी कुणीतरी येऊन टेकलं. लाल अक्षरं पार फिकी झालेली, कात्रीचं एक पातं उडालेलं. थोरली! हा दिवस यावा म्हणून मी कपाटामागे किती तळतळले होते. आता आला तर बोलायला एक टोमणा सुचेना.

"इथे काय करायचं असतं?" तिने घाबऱ्या आवाजात विचारलं.

"ऐकायचं," मी म्हटलं. "सवय होते."

करवतीने कापलेल्या आमच्या कडा एकमेकींना लागल्या. त्या रात्री कपाटापलीकडे ताई आणि यजमान जेवत होते. दुकानाचा एक पैसा आता येणार नव्हता, तरी ताटं पूर्वीसारखीच वाढली होती. तुम्ही उभे आहात त्या या घराने आणि त्या गाळ्याने वाढली होती ती. आणि ताट वाढलेलं राहायचं तर मी अंधारातच राहायला हवं होतं. हे मला आधीही कळत होतं, पण तेव्हा कळून घ्यायचं नव्हतं.

आता आजचं सांगते. नर्सबाईने गेल्या महिन्यात स्वतःचं घर घेतलं, तळमजल्याचंच, ताईला दहादा विचारून. ती पितळी टवळी तिच्याबरोबर नव्या दारावर गेली. मेली काय चकाकत होती जाताना! तिचं मला अजून खुपतं, ते काही मी लपवत नाही. ताई फडकं घेऊन आली, मला बाहेर काढलं. रंगारी आता राहिला नाही. ताईने जुनी ओळ स्वतःच रंगाने झाकली आणि वर 'घर' एवढं लिहिलं. अक्षर बघा, कसं हेलकावे खातंय. तिच्या हाताचं आहे ते, माझा दोष नाही.

मला उचलताना थोरली हळूच म्हणाली, "लवकर ये हं."

जन्मात मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

म्हणून तुम्हाला थांबवलं. घर चांगलं आहे. नळ गळत नाहीत, सकाळचं ऊन स्वयंपाकघरात येतं, ताई भांडकुदळ नाही, पण ठरलेलं कागदावर घेते. तिचा रिकाम्या महिन्याचा डबा भरलेला आहे, ती घाई करणार नाही. घाई मला आहे. वाजवा ना बेल. या खिळ्यावर तुमच्या नावाची पाटी लावा, पितळेची लावा हवी तर, मी चकार शब्द काढणार नाही. मला तेवढं खाली उतरवा. घरी कुणीतरी माझी वाट बघतंय.